दार बंद असतानाची ओढणी

नागपुरात कळमन्याच्या मार्केट यार्डात लाल मिरचीची आवक वाढली की ढिगांशेजारी काम करणारी प्रत्येक बाई नाकातोंडाला फडके गुंडाळून असते. ठसका जातपात बघत नाही. मे महिन्यात कामठी रोडवरून दुचाकी चालवणाऱ्या मुलीही उन्हापासून वाचायला डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात, आणि त्यांतली कोण हिंदू, कोण बौद्ध, कोण मुसलमान हे ओळखायची काही सोय नसते. आता मिरचीच्या ढिगाशेजारच्या त्या बायकांपैकी एखादीला जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज पढायची असेल तर तिला या पोशाखात एक उलटापालट करावी लागते. डोके, केस, मान आणि दंड नीट झाकायचे. पण नाकातोंडावरचे फडके मात्र सोडायचे. नमाजात तोंड झाकून ठेवायला पैगंबरांनी मनाई केल्याची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे आणि बहुतेक फकीह, म्हणजे धर्मशास्त्रज्ञ, विनाकारण चेहरा झाकून नमाज पढणे नापसंत ठरवतात. रस्त्यावर झाकलेला चेहरा नमाजात उघडा आणि एरवी कामाच्या घाईत मागे सरकलेला पदर मात्र नमाजात घट्ट, असे का? बाईने अंग झाकायचे ते पुरुषाची नजर पडू नये म्हणून, एवढेच उत्तर ज्याच्याकडे आहे त्याला हे कोडे सुटत नाही. माझे म्हणणे असे की नमाजातला पोशाख हा आधी इबादतीचा, म्हणजे उपासनेचा नियम आहे आणि परक्या नजरेचा नियम त्याहून वेगळा आहे. दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे आपल्याकडची बरीच चर्चा भलत्या वळणाला लागते.

मुळात नियम काय, ते आधी पाहू. नमाज सुरू करण्यापूर्वी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: शरीर, कपडे आणि जागा पाक असणे, वेळ झालेली असणे, किब्ल्याकडे, म्हणजे काबागृहाच्या दिशेला, तोंड असणे, नियत, म्हणजे मनाचा संकल्प, असणे, आणि सतर, म्हणजे शरीराचा ठरावीक भाग झाकलेला असणे. ही अट बायकांपुरती नाही. पुरुषालाही बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग झाकल्याशिवाय नमाज पढता येत नाही, आणि खांद्यावर काही न घेता एकाच वस्त्रात नमाज पढू नये असे त्यालाही सांगितले आहे. या अटीचा कुरआनातला आधार म्हणून सातव्या सूरहची 31 वी आयत दाखवतात. प्रार्थनेच्या प्रत्येक ठिकाणी आपली शोभा, म्हणजे नेटका पोशाख, धारण करा असा तिचा आशय. भाष्यकार तिचा संदर्भ देतात तो इस्लामपूर्व मक्केचा. बाहेरगावचे काही अरब काबागृहाला विवस्त्र प्रदक्षिणा घालत. ज्या कपड्यांत पाप केले त्या कपड्यांत देवाच्या घरी कसे जायचे, अशी त्यामागची समजूत, आणि या रिवाजात पुरुष होते तशा बायकाही होत्या. हिजरी 9 मध्ये, म्हणजे इसवी सन 631 च्या हजला, यापुढे कोणी नग्न प्रदक्षिणा घालायची नाही अशी जाहीर घोषणा झाली. थोडक्यात, देवासमोर कोणत्या अवस्थेत उभे राहायचे या प्रश्नातून हा नियम निघाला. बायकांसाठी त्याला जोड मिळाली ती पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी सांगितलेल्या हदीसची: वयात आलेल्या स्त्रीची नमाज डोक्यावर ओढणी असल्याशिवाय कबूल होत नाही.

या हदीसमध्ये आजूबाजूला कोणी आहे की नाही याचा उल्लेखच नाही, आणि सगळ्या प्रमुख पंथांचे शास्त्रज्ञ एका गोष्टीवर ठाम आहेत. बाई घरात एकटी असो, दाराला आतून कडी असो, दिवा विझलेला असो, नमाज पढायची तर सतर हवीच. नवऱ्यासमोर किंवा सख्ख्या भावासमोर ती उघड्या डोक्याने वावरू शकते, पण त्याच खोलीत नमाजला उभी राहिली की केस झाकावे लागतात. नजर हेच कारण असते तर अंधाऱ्या खोलीत नियम आपोआप गळून पडायला हवा होता. एकांतातही अंग का झाकायचे, असा प्रश्न पैगंबरांना विचारला गेला होता, आणि माणसांपेक्षा अल्लाहची लाज बाळगणे अधिक योग्य, अशा आशयाचे उत्तर अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोघांनी नोंदवले आहे. ज्याला सगळे दिसते त्याच्यापासून कपड्याने लपायचे तरी काय, ही शंका इथे कुणीही काढेल. पण त्या उत्तरात लपण्याची गोष्टच नाही, अदबीची आहे. हजचा एहराम, म्हणजे यात्रेसाठी धारण केलेली विधीची अवस्था, तर याहून स्पष्ट. तिथे लाखोंची गर्दी असते, स्त्री-पुरुष एकत्र प्रदक्षिणा घालतात, आणि नेमके तिथेच स्त्रीने नकाब आणि हातमोजे घालायचे नाहीत अशी हदीस आहे. गर्दीत चेहऱ्यावरचा नकाब उतरवायचा आणि बंद खोलीत केस झाकायचे, या दोन आज्ञा नजरेच्या एकाच सूत्रात ओवता येत नाहीत.

पोशाखांचा इतिहासही हेच सांगतो. इंडोनेशियात बायकांचा खास नमाजचा पोशाख आहे, मुकेना. बहुधा पांढरा, दोन भागांचा: डोक्यावरून घ्यायचा घोळदार झगा आणि खाली घागऱ्यासारखे वस्त्र, चेहरा उघडा. रोजच्या जीवनात डोक्यावर काहीच न घेणाऱ्या कितीतरी इंडोनेशियन बायका नमाजच्या वेळी मात्र मुकेना चढवतात आणि नमाज झाली की घडी घालून ठेवून देतात. इराणमध्ये याच्या उलट बाजूने तीच गोष्ट दिसते. रस्त्यावरची चादर काळी, पण घरात नमाजसाठी ठेवलेली चादर हलक्या रंगाची, बारीक फुलाफुलांची. लपण्यासाठीच कापड घ्यायचे तर त्यावर फुले कशाला हवीत? आपल्याकडे असा वेगळा शिवलेला पोशाख सर्रास नसला, तरी नमाजसाठी मोठा सुती दुपट्टा किंवा चादर निराळी ठेवण्याची पद्धत घरोघर आहे. जानमाज, म्हणजे नमाजची चटई, आणि तो दुपट्टा यांची जागा एकच असते.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर याच नियमाची दोन रूपे आपल्याच राज्यात नांदतात, आणि मराठी वाचकाला याची फारशी कल्पना नसते. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापाराने ते केरळच्या मापिल्लांशी आणि थेट इंडोनेशियाशी जोडलेले. नागपूर, कामठी आणि एकूण विदर्भातले बहुसंख्य मुसलमान हनफी. शाफई मतानुसार नमाजात स्त्रीचा चेहरा आणि मनगटापर्यंतचे हात सोडून सगळे झाकलेले हवे, पावलेसुद्धा, अगदी तळव्यांसकट. म्हणून रत्नागिरीकडची बाई नमाजला पायमोजे घालते किंवा पायघोळ वस्त्र घेते, आणि मुकेना इंडोनेशियासारख्या शाफई देशात रुजला यात नवल नाही. हनफी मतात पावलांबद्दल दोन मते आहेत, पण प्रचलित मत ती उघडी चालतात असे. त्यामुळे कळमन्यातली बाई अनवाणी पायांनी नमाज पढली तर तिचे काही चुकत नाही. एकाच प्रांतातल्या, एकाच धर्माच्या, तितक्याच श्रद्धाळू दोन बायका. एकीची नमाज पायमोज्याशिवाय होत नाही, दुसरीची होते. हंबली पंथ हातांबद्दलही काटेकोर, तर मालिकी पंथ उघड्या राहिलेल्या भागाचे गंभीर आणि सौम्य असे दोन प्रकार करून सौम्य प्रकारात त्याच वेळेत नमाज पुन्हा पढायला सांगतो. पावलांचा वाद जुनाच आहे. पायघोळ झग्याने पावलांची वरची बाजू झाकली जात असेल तर झगा आणि ओढणी पुरे, असे पैगंबरांच्याच दुसऱ्या पत्नी हजरत उम्मे सलमा यांचे सांगणे मुवत्ता या ग्रंथात आहे. पण हे पैगंबरांचे शब्द की उम्मे सलमा यांचे स्वतःचे, यावर हदीसतज्ज्ञांत मतभेद आहेत. हदीसचे संग्राहक बुखारी यांनी तर बाईने किती कपड्यांत नमाज पढावी या प्रश्नाखाली इक्रिमा यांचे मत नोंदवले आहे, की एकाच वस्त्राने सगळे अंग झाकले गेले तरी भागते. कपड्यांची संख्या, शिवण, रंग यांना नियमात जागा नाही. झाकले गेले पाहिजे, बस.

हनफी फिक्हची, म्हणजे धर्मशास्त्राची, खरी गंमत तपशिलात आहे, आणि तिथे शास्त्रज्ञ कमालीचे व्यवहारी दिसतात. ओढणी सरकते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी माप ठरवले: जो अवयव झाकायचा त्याचा एक चतुर्थांश भाग उघडा पडला आणि तीन वेळा सुब्हानल्लाह म्हणायला लागतो तेवढा वेळ तसाच राहिला, तर नमाज तुटते; त्याहून कमी भाग उघडा पडला किंवा लगेच झाकला तर तुटत नाही. प्रत्येक अवयव स्वतंत्र मोजायचा. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये हा मसला सोप्या उर्दूत आहे, आणि हे पुस्तक उत्तर भारतापासून विदर्भापर्यंत कित्येक नवऱ्यामुलींबरोबर सासरी गेले. बरेलवी घरांत त्याऐवजी अमजद अली आझमी यांचे ‘बहारे शरीअत’ असते. एरवी या दोन विचारधारांचे फारसे पटत नाही, पण दोन्ही हनफी असल्याने हा चतुर्थांशाचा हिशेब दोघांचा एकच. केस दोन बोटे दिसले म्हणून नमाज गेली, असे म्हणून मुलींना धास्तावून सोडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आपलीच पुस्तके एकदा उघडून पाहावीत.

साडीचा प्रश्न याच मापाने सुटतो. विदर्भाच्या खेड्यांत मुसलमान बायकाही साडी-लुगडे नेसत आल्या आहेत, आणि साडी नेसून नमाज होते का, ही शंका नेहमीची. साडी हिंदूंचा पोशाख म्हणून चालत नाही, असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. पण ज्या नियमात कापडाचे नावच घेतलेले नाही त्यात साडीला वेगळी बंदी कुठून येणार? अडचण असली तर ती उघड्या राहणाऱ्या जागांची आहे. आखूड बाह्यांच्या पोलक्यात दंड आणि हात उघडे राहतात, पोट आणि पाठ दिसते, काष्ट्याच्या नऊवारीत पोटरी उघडी पडते, आणि रुकूत वाकले की पदर पुढे घसरतो. वरून मोठी चादर घेतली की यातले बहुतेक मिटते. दुसरी अट कापडाच्या जाडीची. ज्यातून कातडीचा किंवा केसांचा रंग दिसतो ते कापड अंगावर असून नसल्यासारखे. मुवत्तात एक प्रसंग येतो: भाची झिरझिरीत ओढणी घेऊन आली तेव्हा हजरत आयेशांनी ती फाडली आणि तिला जाड ओढणी दिली. नागपूरच्या मोमिनपुऱ्यात आणि कामठीत ज्यांची वस्ती मोठी, ते मोमीन पिढ्यान्‌पिढ्या विणकर. त्यातले बरेच 1857 नंतर उत्तरेकडून आले. कापडाची वीण घट्ट की विरळ, हे त्यांच्या घरातल्या बाईला फिक्हच्या पुस्तकाआधी हातानेच कळत असणार. आज मात्र बाजारात शिफॉन आणि जॉर्जेटचे दुपट्टे जास्त, सुती कमी, आणि ‘बहिश्ती जेवर’मधली झिरझिरीत दुपट्ट्याची ताकीद त्यामुळे जुनी झालेली नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार असा की नमाजचा नियम नजरेपासून इतका वेगळा असेल, तर चेहरा आणि हात वगळण्याचे प्रमाण शास्त्रज्ञांनी आणले कुठून? ते आणले 24 व्या सूरहच्या 31 व्या आयतीतून, आणि ती आयत तर सरळसरळ परपुरुषांसमोर वावरण्याची आहे. तिच्यात आपोआप दिसते तेवढे वगळून शोभा झाकायला आणि ओढण्या छातीवरून घ्यायला सांगितले आहे. आपोआप दिसते ते काय, यावर पैगंबरांचे दोन सहकारी वेगळे बोलतात: इब्ने अब्बास यांचे मत चेहरा आणि हात, तर इब्ने मसऊद यांचे मत बाहेरचे कपडे. म्हणजे दोन नियमांत नाते आहे, हे मान्य करावेच लागते. त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. जुन्या फिक्हमध्ये दासी असलेल्या मुसलमान स्त्रीला नमाजात डोके झाकण्याची सक्ती नव्हती. तिची सतर बहुतेक मतांनुसार पुरुषाच्या जवळ जाणारी. देवापुढे उभी राहणारी बाई तीच, नमाज तीच, मग स्वतंत्र आणि दासी या भेदाने ओढणी कमी-जास्त कशी होते? हा पुरावा माझ्या म्हणण्याला बोचतो, हे मी लपवत नाही. त्यावरून मला एवढेच मानावे लागते की अंग झाकण्याचे कर्तव्य इबादतीतून आले, पण किती झाकायचे याचे माप ठरवताना त्या काळच्या समाजातली प्रतिष्ठेची कल्पना आत शिरली. स्वतंत्र, मानाची बाई ज्या पोशाखात बाहेर दिसे तोच तिचा देवापुढचा पोशाख ठरला. चौदाव्या शतकातल्या इब्ने तैमिया यांच्यासारख्या कडव्या समजल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञानेही नमाजातली सतर आणि नजरेपासूनची सतर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एक दुसरीवरून मोजायची नाही, असे बजावले आहे. हा फरक आजच्या सुधारकांनी सोयीसाठी काढलेला नाही, एवढे त्यावरून नक्की होते.

दुसरा आक्षेप पुरुषांच्या तुलनेचा. देवासमोरची अदब हेच कारण असेल तर पुरुषाला बेंबी ते गुडघा आणि बाईला जवळजवळ सगळे अंग, हा भेद का? त्याचे एक उत्तर असे की पुरुषाचे माप हे किमान आहे, शिफारस नाही. ऐपत असेल तर पुरुषांनीही नमाजला पुरेसे कपडे घालावेत, असे हजरत उमर यांचे सांगणे बुखारीत आहे, आणि नुसत्या पंच्यावर मशिदीत उभा राहणारा माणूस कुणाला आवडत नाही. पण एवढ्याने भेद संपत नाही. वरच्या परिच्छेदातले प्रतिष्ठेचे माप इथेही काम करते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. हनफी पद्धतीत तर बाईची नमाजची ठेवणही वेगळी: हात खांद्यापर्यंतच उचलायचे, छातीवर बांधायचे, सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकताना, अंग आखडून घ्यायचे. असे केल्याने अंग अधिक झाकले जाते, हेच कारण शास्त्रज्ञ देतात. फिक्हच्या पंथांऐवजी थेट हदीसवर चालणारे अहले हदीसवाले हा भेद मानत नाहीत. मी पढतो तशी पढा ही पैगंबरांची आज्ञा सगळ्यांना सारखी, असे ते म्हणतात आणि बुखारीतली उम्मे दर्दा यांची नोंद पुढे करतात. त्या नमाजात पुरुषांसारख्याच बसत, आणि त्या फिक्हच्या जाणकार होत्या, असे तिथे मुद्दाम सांगितले आहे. या वादात मला अहले हदीसची बाजू अधिक भक्कम वाटते.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा गोंधळाची आहे. वर्गातल्या हिजाबबद्दल कर्नाटक उच्च न्यायालयाचा 15 मार्च 2022 चा निकाल, त्यावर सर्वोच्च न्यायालयात 13 ऑक्टोबर 2022 ला पडलेली दोन न्यायमूर्तींची दोन मते, 2024 मध्ये चेंबूरच्या महाविद्यालयावरून मुंबई उच्च न्यायालयात आणि मग दिल्लीत गेलेले प्रकरण, या सगळ्यांत चर्चा झाली ती सार्वजनिक जागेतल्या डोक्यावरच्या कापडाची. धर्मात ते अत्यावश्यक आहे का, असे विचारले गेले की दोन्ही बाजूंचे टीव्हीवरचे वक्ते नमाजच्या हदीस फेकू लागतात. ओढणीशिवाय नमाज कबूल नाही, म्हणून वर्गातही ओढणी हवी, असे एकजण म्हणतो. ओढणी नमाजपुरतीच, म्हणून बाहेर तिला काही आधार नाही, असे दुसरा. दोघेही चुकतात. नमाजची अट वर्गाला लागू होत नाही, आणि तिच्यावरून वर्गातली ओढणी निराधारही ठरत नाही; तिचे आधार वेगळ्या आयतींत आहेत आणि तिथला वाद वेगळ्या पुराव्यांनी लढवावा लागतो.

कळमन्यात काम करणाऱ्या बाईपुढे यातले न्यायालयीन काहीच नसते. तिचा पहिला प्रश्न साधा असतो: दिवसभराच्या धुळीने आणि मिरचीच्या पुडीने माखलेल्या साडीत नमाज होईल का? होते. फिक्हमध्ये मळ आणि नापाकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माती, घाम, मिरचीची पूड, तेलाचे डाग, संत्र्याचा रस यांनी कपडा मळतो, नापाक होत नाही. रक्त, लघवी किंवा शेण लागले तर तेवढी जागा धुवावी लागते, आणि त्यातही किरकोळ प्रमाणाला हनफी मतात माफी आहे. काम करून मळलेल्या कपड्यांची लाज वाटून नमाज सोडणाऱ्या बाईला तिच्या धर्माने असे काही सांगितलेले नाही. कापडही तिच्याकडे असतेच, तोंडाला बांधलेले तेच फडके उलगडले की ओढणी होते. मशिदीत जाण्याचीही तिला मनाई नाही. पुण्यातल्या एका दांपत्याच्या याचिकेवर जानेवारी 2020 मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात तसे लिहूनच दिले आहे. देवाच्या दासींना देवाच्या घरापासून अडवू नका, ही हदीस तर प्रत्येक मौलवीला पाठ असते. या बाईची अडचण सुरू होते ती नमाजच्या आधी, नळावर. वुजू, म्हणजे नमाजपूर्वीचे हातपाय धुणे, करायचे तर कोपरापर्यंत बाह्या वर घ्याव्या लागतात, पदर मागे करून डोक्यावर ओला हात फिरवावा लागतो, घोट्यापर्यंत पाय धुवावे लागतात. नमाजात जे झाकायचे, नेमके तेच वुजूत उघडावे लागते, आणि ते हमाल, अडते, गाडीवाले यांच्या देखत. परक्या नजरेचा नियम खरोखर लागू होतो तो या जागी. पुरुषांसाठी मशिदीत हौद असतो, नळांची रांग असते. बाईला लागतो चार पत्र्यांचा आडोसा आणि आत एक तोटी, आणि त्याविषयी बहुतेक मशीद कमिट्यांनी अजून विचार केलेला दिसत नाही.